काळी एकची सोनाटा आणि फसवा गंधार

रेकॉर्डिंग दिलं की त्याची लय, पट्टी आणि भाव सांगणारी सॉफ्टवेअरं आता सहज मिळतात. नाचाच्या गाण्यांवर ती चांगली चालतात. बीथोवनची पियानोसाठीची 'मूनलाइट' सोनाटा (1801) पुढे ठेवा, तिचा पहिला संथ भाग, आणि गडबड सुरू होते. पट्टी सी शार्प मायनर यायला हवी. ई मेजर येऊ शकते, क्वचित सी शार्प मेजरही. या चुका लहरी नसतात. त्या ठरलेल्या दिशांनीच होतात आणि त्यातली एक तर तंबोरा ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येईल.

आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज काळी एक, आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणजे आसावरी थाट. (मेजर म्हणजे हे तिन्ही शुद्ध, बिलावल.) मात्र जागोजागी शुद्ध निषादही येतो.

यंत्र आधी ध्वनीचे छोटे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा आहे ते मोजतं. मग सप्तक विसरून सगळी ऊर्जा बारा खान्यांत टाकतं: सगळे सा एका खान्यात, सगळे कोमल रे दुसऱ्यात. इथे पहिली ठेच लागते. डाव्या हाताचा सर्वांत खालचा सा 69.3 हर्ट्झचा, त्याच्या शेजारचा सूर 73.4 चा. अंतर जेमतेम 4.1 हर्ट्झ. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये 4,096 नमुन्यांचा तुकडा घेतला तर मोजपट्टीवरच्या दोन खुणांत 10.8 हर्ट्झ पडतात, म्हणजे दोन्ही सूर वेगळे ओळखताच येत नाहीत. 32,768 नमुने घेतले तर खूण 1.35 हर्ट्झवर येते, पण तुकडा 0.74 सेकंदांचा होतो आणि वरच्या हाताचे दोन सूर त्यात एकत्र कालवले जातात. बारीक सूर हवा की बारीक वेळ, यात एकच निवडावं लागतं. पट्टी शोधताना सूर निवडायचा.

आता मुख्य गंमत. तार नुसती एका कंपनसंख्येने वाजत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वर सोबत येतात. 69.3 ची तिप्पट 207.9, म्हणजे मंद्र पंचम. चौपट 277.2, मध्य षड्ज. बीथोवनने उजव्या हाताला दिलेले पहिले दोन सूर नेमके हेच आहेत. तिसरा सूर कोमल गंधार, 329.6 हर्ट्झ. आणि खर्जाची पाचपट? 346.5. ती कोमल गंधाराच्या खान्यात बसत नाही, शुद्ध गंधाराच्या (349.2) खान्यात जाते. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच! वादकाने तो सूर वाजवलेला नसतो, तरी यंत्राच्या खान्यात ऊर्जा साठत राहते.

त्यातून निकाल कसा बिघडतो ते आकड्यांवरून कळतं. 1982 साली कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी पट्टी मनात ठसवून मग एकेक सूर ऐकवला आणि तो किती शोभतो याला श्रोत्यांकडून 1 ते 7 गुण घेतले. मायनरमध्ये सा ला 6.33, कोमल ग ला 5.38, प ला 4.75, शुद्ध ग ला 2.60. मेजरमध्ये शुद्ध ग ला 4.38 आणि कोमल ग ला 2.33. अशा बारा मेजर आणि बारा मायनर साच्यांशी खान्यांची तुलना होते. ज्याच्याशी सहसंबंध जास्त, ती पट्टी. गंधाराची दोन घरं हाच निवाड्याचा खांब, आणि नेमका तोच स्वयंभू गंधार पोखरतो, म्हणून कधी सी शार्प मेजर येते. उपाय म्हणजे खालच्या सुराच्या उपस्वरांचा अंदाजे वाटा वजा करणे, किंवा फार खालच्या सुरांचं वजन कमी धरणे.

ई मेजरची चूक वेगळी. आसावरीच्या कोमल गंधाराला षड्ज मानून मूर्च्छना घेतली की बिलावल मिळतो. सूर तेच सात. फरक पडतो तो षड्जाच्या वजनाने आणि त्या शुद्ध निषादाने. शिवाय नवव्या आवर्तनात रचना खरोखरच क्षणभर ई मेजरला टेकते, त्यामुळे तेवढाच तुकडा तपासणाऱ्याला खोटं म्हणता येत नाही.

खाने भरण्यापूर्वी वाद्य कितीवर लावलंय ते मोजावं लागतं. 78 फेऱ्यांची तबकडी 82.6 फेऱ्यांनी फिरली तर काळी एकची पांढरी दोन होते. ए हा प्रमाण सूर 440 ऐवजी 432 हर्ट्झला लावला तर सगळं 32 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं खाली येतं आणि खाने पुसट होतात. 432 चा एवढाच परिणाम. 432 ला लावलेलं संगीत पेशी बऱ्या करतं असा दावा काही जण करतात; तो निव्वळ बाजारू आहे.

लय स्वतःच मोजा. या भागात 69 आवर्तनं आहेत. शेवटचे दोन लांब स्वरमेळ सोडले तर 67 गुणिले 4, म्हणजे 268 ठोके. सुरुवातीपासून त्या स्वरमेळांपर्यंत 5 मिनिटं 20 सेकंद लागली तर सरासरी लय मिनिटाला 50 ठोके. लय 54 असेल तर यंत्र 162 सांगू शकतं, कारण एका ठोक्यात तीन सूर आहेत. आणि मूळ स्वरलिपीत ताल दोन ठोक्यांएवढ्या लांब सुराने (हाफ नोट) मोजला असल्याने 27 ही चूक नाही. बीथोवनचा स्वतःचा आकडा शोधू नका; मेट्रोनोमचं, म्हणजे लय दाखवणाऱ्या यंत्राचं, पेटंट 1815 चं. त्याने लिहून ठेवलंय ते असं, की सगळा भाग अतिशय हळुवारपणे आणि तारांवरच्या नमद्याच्या गाद्या उचलून वाजवावा. त्यामुळे सूर एकमेकांत मिसळतात आणि नवा सूर कुठे सुरू झाला हे यंत्राला शोधणं आणखी अवघड जातं.

आणि भाव? मायनर म्हणजे उदास, हे समीकरण याच सोनाटाच्या तिसऱ्या भागात कोसळतं. पट्टी तीच, काळी एक, तोच कोमल गंधार. पण वर लिहिलंय प्रेस्टो आजितातो, अतिद्रुत आणि खवळलेलं.