ताप उतरला? आता हात बघा

"ताप उतरला, प्लेटलेट 90 हजार, पपईच्या पानांचा रस सुरू आहे. काळजी नसावी." पुण्यात गणपतीच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर डेंगी झालेल्या कुणा ना कुणाच्या मुलाबद्दल असा मेसेज येतोच. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. मला मात्र त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचीच धास्ती वाटते.

डेंगीत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि नेमक्या त्याच सुमारास काही मुलांच्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, गळू लागतात. रक्तपेशी आत राहतात. पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत झिरपतो. बाहेर थेंबही दिसत नाही. 10 किलोच्या मुलात मुळात रक्तच सुमारे 800 मिलिलिटर, म्हणजे दुधाच्या दीड पिशवीपेक्षा जरासं जास्त. त्यातून गळती.

मग बीपी लगेच पडायला हवं ना? पडत नाही, आणि शरीराची ही चलाखी मला फार आवडते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी झालं की बागेच्या पाइपच्या तोंडावर आपण अंगठा दाबतो. पाणी कमीच येतं, पण धार लांब जाते. शरीरही तेच करतं. लहान मुलाच्या हृदयाला एका ठोक्यात फारसं जास्त रक्त फेकता येत नाही, म्हणून ते ठोके वाढवतं. शिवाय त्वचेच्या आणि आतड्यांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे मेंदूला आणि हृदयाला पुरवठा टिकतो. बीपीचा खालचा आकडा मुख्यतः या आवळण्यावर ठरतो, म्हणून तो चढतो. वरचा आकडा प्रत्येक ठोक्यातल्या रक्ताशी बांधलेला; तो कसाबसा टिकतो. 100/65 चं 100/80 होतं. वरचा आकडा बघून घरचे म्हणतात, "बीपी नॉर्मल आहे." पण मनगटावर नाडी म्हणून आपल्याला जे लागतं, तो या दोन आकड्यांमधला फरक. तो 20 वर आला की नाडी बारीक लागते, आणि डेंगीत डॉक्टर त्याला शॉकच म्हणतात, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं. पाच वर्षांच्या मुलाचा वरचा आकडा 80 च्या खाली जाईपर्यंत थांबलात, तर अंगठा सुटलेला असतो. त्यानंतर घसरण फार वेगाने होते.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या जोडीला हिमॅटोक्रिट असतं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के; त्याच्याकडे कुणी बघत नाही. प्लाझ्मा गळला की उरलेलं रक्त दाट होतं. 36 चं 44 झालं तर गळती सुरू आहे असं समजावं. पपईच्या रसाने प्लेटलेट वाढतात की नाही, हा वाद बाजूला ठेवू. गळती त्याने थांबते, याला पुरावा नाही. किवी आणि बकरीचं दूध यांचंही तेच. दृष्ट काढायची तर काढा, पण रिक्षा येईपर्यंतच.

घरी काय बघायचं? मुलाच्या बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. तीनपेक्षा जास्त लागले आणि हातपाय गार असतील, तर वाहिन्या आवळलेल्या आहेत. (एसीत किंवा पावसात भिजल्यावर ही परीक्षा फसते.) पोटात दुखणं, सतत उलट्या, चार-सहा तास लघवी नाही, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल किंवा उगाच चिडचिडं: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन. मूल नीट बोलतंय यावर विसंबू नका. डेंगीच्या शॉकमध्ये ते बराच वेळ शुद्धीवर असतं. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको.

रुग्णालयात सलाइन वजनाप्रमाणे मोजून देतात आणि दर थोड्या वेळाने नाडी, लघवी, हिमॅटोक्रिट बघत त्याचा वेग बदलतात. गळती साधारण 24 ते 48 तासांत थांबते, आणि झिरपलेलं पाणी आपणहून रक्तात परततं. मुलाला भूक लागते, लघवी भरपूर होते, अंगाला खाज सुटते. तेव्हा तेच सलाइन चालू ठेवलं तर पाणी फुप्फुसात साचतं. म्हणून नर्स बाटली काढायला येते, आणि नातेवाईक तिच्याशी भांडतात.