ट्रेन्झचा रूट नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह करण्याआधी हे वाचा

ट्रेन्झ म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाड्या चालवायचा गेम आणि रूट म्हणजे त्यात बांधलेला रेल्वेमार्ग. शनिवार-रविवारी दुकानात या गेमचे जे पेनड्राइव्ह येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. ‘रूट मित्राकडे उघडतोय, माझ्याकडे उघडत नाही. गेम करप्ट झालाय, सगळं उडवून परत टाकून द्या.’ गेमला काही झालेलं नसतं आणि परत टाकून उपयोगही नसतो. म्हणून हे पत्रक छापलंय. एकदा नीट वाचा, तुमची एक फेरी वाचेल.

तुमच्याकडे ट्रेन्झचं कुठलं व्हर्जन आहे, टीआरएस १९, टीआरएस २२ की सबस्क्रिप्शनवर मिळणारं ट्रेन्झ प्लस, हे तुम्हाला ठाऊक असतं. पण रूट, इंजिन, सिग्नल, अगदी रुळाकडेचं झाडसुद्धा, प्रत्येकाच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ट्रेन्झ-बिल्ड’ नावाचा एक आकडा असतो. टीएस १२ या जुन्या व्हर्जनच्या काळात तो ३.५ ते ३.७ होता, टीआरएस १९ मध्ये ४.६ पासून पुढे गेला. ज्या वस्तूचा आकडा तुमच्या गेमच्या आकड्याहून मोठा, ती तुमच्याकडे चालणार नाही. जुनं नव्यात चालतं, नवं जुन्यात नाही.

आता घोटाळा कसा होतो बघा. समजा, खानापूरचा एक आणि निपाणीचा एक, दोघे मिळून लोंढा ते कुळे रूट बांधताहेत. एकानं कॅसल रॉकचं यार्ड घातलंय, दुसऱ्यानं घाटाचा १:३७ चा चढ बसवून मागे बँकर (मागून ढकलणारं इंजिन) जोडून गाडी वर चढवून बघितलीय. दोघांकडे टीआरएस १९. मे महिन्याच्या सुट्टीत खानापूरवाला महिन्याभरासाठी प्लस घेतो, रूट त्यात कसा दिसतो म्हणून उघडतो, दोन झाडं हलवतो आणि सेव्ह दाबतो. झालं! रूटचा आकडा वर गेला. निपाणीवाल्याकडे तो आता उघडत नाही आणि महिना संपल्यावर खानापूरवाल्याच्या स्वतःच्या टीआरएस १९ मध्येही उघडत नाही. नुसतं उघडून बघितल्यानं काही बिघडत नाही, बिघडतं ते सेव्ह दाबल्यावर.

काहीजण मग नोटपॅडमध्ये कॉन्फिग फाइल उघडून तो आकडाच खाली आणतात. एखाद्या साध्या डब्याला किंवा स्टेशनच्या पाटीला हे कधीकधी चालून जातं. रूटला नाही. रूटची जमीन आणि रूळ वेगळ्या बायनरी फाइलींत असतात, त्या नव्या मांडणीत लिहिल्या गेलेल्या असतात आणि वरचा आकडा बदलून आतली मांडणी बदलत नाही. त्यात जमीन एचडी टेरेनवर, म्हणजे नव्या व्हर्जनमधल्या जास्त बारीक जाळीवर, नेली असेल तर विषयच संपला, कारण टीआरएस १९ ला १० मीटर आणि ५ मीटरचीच जाळी समजते. दळलेल्या पिठाचा परत जोंधळा करून द्या म्हटलं तर आम्ही तरी काय करणार?

उपाय आहे, पण तो आधी करायचा. ट्रेन्झच्याच कंटेंट मॅनेजरमध्ये (सगळ्या रूट-गाड्यांची यादी असते तिथं) रूटवर राइट क्लिक करा, ‘एक्स्पोर्ट टू सीडीपी’ निवडा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. सीडीपी म्हणजे एका फाइलीत बांधलेली रूटची प्रत. ती फाइल ट्रेन्झच्या फोल्डरात ठेवू नका, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. सेशन, म्हणजे रूटवर कुठल्या गाड्या कुठं आहेत त्याची मांडणी, वेगळं असतं, त्याचीही सीडीपी काढा. हे बरेचजण विसरतात आणि मग ‘रूट आला पण गाड्या कुठं गेल्या’ म्हणून परत येतात. मित्राला रूट देताना ‘लिस्ट डिपेन्डन्सीज’ बघा, रूटला लागणाऱ्या वस्तूंची यादी तिथं दिसते. डाउनलोड स्टेशनवर (ट्रेन्झच्या वस्तू उतरवून घ्यायची कंपनीची ऑनलाइन जागा) नसलेलं, कुणीतरी हातानं दिलेलं इंजिन किंवा डबा त्यात असेल, तर तेही सोबत द्यावं लागतं. नव्या व्हर्जनमध्ये हात फिरवायचाच असेल तर आधी वेगळ्या नावानं सेव्ह करा, मूळ रूट शाबूत राहतो. दोघे मिळून बांधत असाल तर ज्याचं व्हर्जन जुनं, त्याच व्हर्जनमध्ये दोघांनी काम करायचं.

कुठलंही काम हातात घेण्याआधी आम्ही ही सीडीपी काढतो आणि तिचे पैसे लावतो. ‘दोन क्लिकचे कसले पैसे?’ असं ऐकून घ्यावं लागतं. क्लिक दोनच असतात, कबूल. पण ती सीडीपी आमच्या मशीनवर उघडून बघणं, सुटलेल्या वस्तू शोधणं आणि जुन्या हार्ड डिस्कवर डेटाबेस रिबिल्ड (गेमनं सगळ्या वस्तूंची यादी परत तयार करणं) संपायची वाट बघत बसणं, यात अर्धा दिवस जातो. ज्यांनी एसएसडी बसवून घेतली त्यांचं हेच काम चहा होईपर्यंत उरकतं. सेव्ह चालू असताना लाइट गेली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. छोटा यूपीएस दुकानात असतो.

आता सबस्क्रिप्शन. एकरकमी घेतलेलं व्हर्जन तुमचंच राहतं. प्लस महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबानं असतं. नवीन सोयी आधी त्यात येतात, पण मुदत संपली की ते चालत नाही. तुम्ही बांधलेला रूट डिस्कवर तसाच राहतो, फक्त उघडायला काही उरत नाही. प्लसच्याच गोल्ड सबस्क्रिप्शनमध्ये वापरायला मिळणारे विकतचे रूट आणि इंजिनंही मुदतीपुरतीच. फर्स्ट क्लास तिकीट ही तिसरीच गोष्ट, त्यानं डाउनलोड वेगात होतं, गेममध्ये काही वाढत नाही. नुसत्या गाड्या चालवायच्या असतील तर सबस्क्रिप्शनच्या मागे लागू नका, हे आम्ही विकणारे असूनही सांगतो. रूट बांधणाऱ्यांनी घ्यावं, आणि घेतलं तर वर्षाचं घ्यावं.

पैसे कापले जाण्याबद्दलही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जायला तुमची आधी परवानगी लागते. परदेशी कंपनीच्या बाबतीत ती व्यवस्था नसेल तर बँक व्यवहार नाकारते, आणि ‘चालूच आहे’ म्हणत तुम्ही निवांत राहता. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का, तेही बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा. आमच्या कार्डावरून भरा म्हणू नका. खातं आणि कार्ड तुमचंच हवं, नाहीतर उद्या पासवर्डसाठी आमच्या दारात यावं लागेल. शाळकरी पोरांनी वडिलांना घेऊन यावं.

गेम स्टीमवरून (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलाय की कंपनीच्या साइटवरून, ते येताना माहीत करून या. अजिबात खर्च करायचा नसेल तर ओपन रेल्स हा गाड्या चालवायचा दुसरा गेम फुकट आहे. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट त्यात चालतात, ट्रेन्झचे चालत नाहीत. तेही बसवून देतो, फक्त बसवण्याचे पैसे. क्रॅक केलेली व्हर्जनं आम्ही हातात घेत नाही.

येताना लाँचरवर (गेम सुरू करताना आधी उघडणारी खिडकी) दिसणाऱ्या बिल्ड नंबरचा मोबाइलवर फोटो काढून आणा. पूर्ण सीपीयू उचलून आणायची गरज नाही, सीडीपी पेनड्राइव्हवर चालते. चिकोडी, निपाणीकडून येणाऱ्यांनी सोमवार ते गुरुवार यावं, त्याच दिवशी काम करून देतो. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, दोन्ही चालतं.