एव्हिऑसवर काढलेलं तिकीट आणि एव्हिऑसने स्वस्त केलेलं तिकीट

लंडनहून तीन-चार दिवसांसाठी लिस्बन, रोम किंवा ॲमस्टरडॅम गाठायचं ठरलं की ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात साठलेले एव्हिऑस, म्हणजे त्या कंपनीचे बक्षिसाचे पॉइंट, आठवतात. ते वापरायच्या दोन वाटा आहेत: एक रिवॉर्ड फ्लाइट, दुसरी पार्ट पेमेंट. दोन्हीकडे खात्यातून एव्हिऑस वजा होतात, दोन्हीकडे कार्डावरून काही पौंड जातात आणि दोन्हीकडे शेवटी सारखाच दिसणारा बुकिंग नंबर ईमेलवर येतो. त्यामुळे बरेच जण या दोन्ही गोष्टी एकच समजतात. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना मात्र हा गोंधळ महागात पडू शकतो.

रिवॉर्ड फ्लाइटमध्ये विमान कंपनीने पॉइंटवाल्यांसाठी राखून ठेवलेली जागा तुम्ही घेता. तिची किंमत एव्हिऑसमध्येच ठरलेली असते. ती अंतरावर आणि गर्दीच्या किंवा बिगरगर्दीच्या तारखेवर अवलंबून असते, त्या दिवशीच्या रोख भाड्यावर नाही. युरोपातल्या फेऱ्यांसाठी जास्तीत जास्त एव्हिऑस भरायचा पर्याय निवडला तर जाऊन-येऊन फक्त १ पौंड रोख द्यावा लागतो.

पार्ट पेमेंटमध्ये तुम्ही साधं रोखीचं तिकीट विकत घेता आणि पैसे भरण्याच्या पानावर काही एव्हिऑस देऊन बिलातून थोडे पौंड कमी करून घेता. इथे पॉइंट म्हणजे निव्वळ सवलतीचं कूपन. तिकीट रोखीचंच राहतं आणि नियमही रोखीच्या तिकिटाचेच लागतात.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. रिवॉर्ड फ्लाइटच्या पानावरही कमी एव्हिऑस आणि जास्त पौंड असे तीन-चार पर्याय दिसतात. ते पाहून हेच पार्ट पेमेंट असं वाटतं, पण ते तसं नाही. जागा रिवॉर्डचीच असते, फक्त रोख आणि पॉइंट यांचं प्रमाण बदलतं.

एका एव्हिऑसला किती भाव मिळतो, याचा हिशोब सोपा आहे. रोख भाड्यातून रिवॉर्डवर द्यावी लागणारी रोख वजा करायची आणि उरलेल्या रकमेला एव्हिऑसने भागायचं. समजा, लिस्बनचं जाऊन-येऊन भाडं २२० पौंड आहे आणि रिवॉर्डला २५,००० एव्हिऑस अधिक १ पौंड लागतोय. मग एका एव्हिऑसमागे जवळपास ०.८८ पेनी पदरात पडतात. तेच भाडं सेलमध्ये ८० पौंडांवर आलं तर हाच आकडा ०.३२ पेनीवर घसरतो. तेव्हा पॉइंट जपून ठेवावेत आणि सरळ कार्ड वापरावं. पार्ट पेमेंटच्या पानावर ४,००० एव्हिऑसला २० पौंड सूट दिसली, तर तो भाव झाला अर्धी पेनी. आता आपले एव्हिऑस कुठून आले तेही पाहा. सेन्सबरीजमध्ये वाणसामान घेऊन जमलेले ४०० नेक्टर पॉइंट बदलले की २५० एव्हिऑस मिळतात. तेच ४०० पॉइंट दुकानात २ पौंडांना चालतात, म्हणजे एक एव्हिऑस तुम्हाला ०.८ पेनीला पडला. तो अर्ध्या पेनीला विकायचा हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पण माझ्या मते भावापेक्षा मोठा प्रश्न तिकीट रद्द करण्याचा आहे आणि त्याचं मूळ व्हिसात आहे. ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर असलात तरी भारतीय पासपोर्टवर पॅरिसला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा, लागतोच. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यापूर्वी नाही. उलट रिवॉर्डच्या जागा उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी खुल्या होतात. हीथ्रो आणि गॅटविकहून सुटणाऱ्या प्रत्येक फेरीत तेव्हा किमान १२ जागा मिळतात, त्यातल्या ८ इकॉनॉमीच्या. शाळांच्या सुट्टीतल्या जागा भराभर संपतात. ऑक्टोबरच्या सुट्टीत २३ तारखेला निघायचं असेल तर जागा आदल्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला उघडतात, व्हिसाचा अर्ज मात्र २३ एप्रिलच्या आधी कुणी घेणार नाही. मधले जवळपास साडेपाच महिने तिकीट हातात आणि व्हिसाचा पत्ता नाही, अशीच स्थिती असते. अर्ज दिल्यावरही निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि काही वेळा ४५ पर्यंत जातात. नकार आला तर ९० युरोंचं शुल्क परत मिळत नाही. म्हणून तर व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, असं वकिलाती स्वतःच सांगतात.

रिवॉर्ड फ्लाइट इथे खऱ्या अर्थाने कामी येते. निघण्याच्या २४ तास आधीपर्यंत ती रद्द करता येते आणि एव्हिऑस खात्यात परत येतात. रद्द करण्याचं शुल्क माणशी ३५ पौंड आहे, पण तुम्ही भरलेली रोख त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम जाते. म्हणजे १ पौंडाचा पर्याय घेतला असेल तर नुकसानही १ पौंडाचंच. चौघांच्या कुटुंबाचा व्हिसा अडला तर ४ पौंडांवर निभावतं. ‘कमी एव्हिऑस, जास्त पौंड’ हा पर्याय घेतला असेल तर मात्र तेच १४० पौंडांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून व्हिसा यायचा असेल तोवर पॉइंट वाचवायच्या मोहात पडू नका, असं मी कळकळीने सांगेन.

पार्ट पेमेंटने घेतलेलं सर्वांत स्वस्त तिकीट बुकिंगनंतरच्या पहिल्या २४ तासांत रद्द करता येतं. त्यानंतर भाडं गेलंच म्हणायचं, फार तर विमानतळाचे कर परत मिळतात. सूट मिळवायला दिलेल्या एव्हिऑसचं भवितव्यही त्या तिकिटाच्या नियमांशी बांधलेलं असतं.

तरीही पार्ट पेमेंटला जागा आहे. पासपोर्ट ब्रिटिश असेल किंवा मल्टिपल एंट्री व्हिसा हाताशी असेल, रिवॉर्डची जागा उरलेली नसेल, भाडं मुळातच उतरलेलं असेल किंवा खात्यात जेमतेम दोन-तीन हजार एव्हिऑस पडून असतील, तर ते वापरायला हरकत नाही. रोखीचं तिकीट असल्यामुळे त्यावर नवे एव्हिऑस आणि टिअर पॉइंटही (सदस्यत्वाची पायरी ठरवणारे पॉइंट) मिळतात. सामानाची तुलना करायला मात्र विसरू नका. सर्वांत स्वस्त रोख तिकिटात फक्त हातातली बॅग नेता येते, रिवॉर्डमध्ये २३ किलोंची बॅग धरलेली असते. विमानाला उशीर झाल्यास मिळणारी भरपाई दोन्हीकडे सारखीच लागू होते.

आई-बाबा पुण्याहून किंवा मुंबईहून भेटीला येणार असतील आणि त्यांना ॲमस्टरडॅम दाखवायचं असेल तर त्यांचा शेंगेन अर्ज सहसा भारतातूनच करावा लागतो. अशा वेळी त्यांच्या जागा रिवॉर्डमध्येच धराव्यात.

शेवटी एक सोय, जी फार जण वापरत नाहीत. रिवॉर्डचं एकेरी तिकीट दुहेरीच्या बरोबर निम्म्या एव्हिऑसमध्ये मिळतं. त्यामुळे ज्या दिवशी जायची जागा उघडते त्या दिवशी तेवढीच घ्यायची आणि परतीची तारीख काही दिवसांनी खुली झाली की ती वेगळी धरायची. शुक्रवारी संध्याकाळचं भाडं चढलेलं आणि मंगळवारी सकाळचं परतीचं उतरलेलं असेल, तर जाताना एव्हिऑस वापरावेत आणि येतानाचं तिकीट व्हिसा आल्यावर कुठल्याही कंपनीचं रोखीने घ्यावं.