पोर्शे ९११ स्टँडवर घेण्याआधी हे वाचा

आमच्याकडून ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा जॅक) आणि उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या ९११ च्या मालकांसाठी हे पत्रक आहे. ऑइल बदलणे, ब्रेक पॅड तपासणे, चाके काढून आतून धुणे ही कामे स्वतःच्या हाताने करणारे ग्राहक आम्हाला मनापासून आवडतात. फक्त ही गाडी रोजच्या हॅचबॅकसारखी उचलता येत नाही. तिचे वजन वेगळ्या जागी आहे.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली, तेव्हापासून तिचे इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे आहे. एकूण वजनाचा ६० टक्क्यांहून थोडा जास्त भार मागच्या चाकांवर येतो. गाडी १,५०० किलोची धरली, तर नऊशे किलोच्या वर नुसते मागे.

हँडब्रेकवर विसंबू नका

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन पुढची चाके फिरवते. अशा गाडीची मागची बाजू उचलली, तरी गिअरमध्ये असलेली पुढची चाके गाडी धरून ठेवतात. ९११ मध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर आणि गिअरची पकडही मागच्याच चाकांवर. ऑटोमॅटिकचा ‘पी’ आणि नव्या गाड्यांतला बटणाचा पार्किंग ब्रेकसुद्धा तसाच. मागची दोन्ही चाके जमिनीवरून सुटली की गाडी धरणारे काहीच उरत नाही. पुढची चाके मोकळी असतात, आणि जरासा उतार असला तरी गाडी जॅकवरून पुढे किंवा मागे सरकते. ९११ च्याच कॅरेरा ४ या प्रकारात पुढची चाकेही चालवली जातात, पण म्हणून ती उभी गाडी धरून ठेवतील असे समजू नका.

म्हणून जॅकला हात लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, पाचरी घट्ट बसवा. रबरी किंवा सागवानी, कशाच्याही चालतील. विटेचा तुकडा आणि रस्त्यावरचा दगड नको.

जमीन

आम्हाला येणाऱ्या फोनपैकी बरेचसे खरे तर जमिनीबद्दलचे असतात. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना सरळ वर जात नाही, तो कमानीत फिरतो. त्यामुळे गाडी चढत असताना जॅक स्वतः थोडा पुढे घरंगळला पाहिजे. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्याचे चाक अडकले, तर जॅकऐवजी त्याचे डोके सरकते आणि गाडीखालून निसटते. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल, तर ती स्टँडच्या पायाखाली तडकू शकते. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. सोसायटीच्या बेसमेंटला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. गोटी ठेवून पाहा. सगळ्यांत चांगली जमीन म्हणजे सपाट काँक्रीट. तसे नसेल तर जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचा मोठा तुकडा घाला. ते जमत नसेल तर त्या जागी गाडी उचलू नका, हे आम्ही विक्री गमावूनही सांगतो.

जॅक कुठे लावायचा

१९९७ नंतरच्या, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनच्या गाड्यांना खालच्या बाजूने चार ठरावीक जागा दिल्या आहेत. दोन पुढच्या चाकांच्या मागे, दोन मागच्या चाकांच्या पुढे. प्रत्येक जागी भोक असलेली जाड पट्टी आहे. तिच्यात बसणारा रबरी गुटका जॅकवर ठेवायचा. उघडे लोखंड लावू नका.

बाकी कुठेही नाही. गाडीच्या पोटाखालचे काळे प्लास्टिक फक्त हवेसाठी आहे, ते भार घेत नाही. या गाड्यांचे रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे पाण्याचे पाइप पोटाखालून लांबवर गेलेले असतात. चुकीच्या जागी जॅक लागला की ते दबतात. इंजिनच्या ऑइल संपवर, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यावर, जॅक लावून मागची बाजू एकदम उचलणारे लोक आहेत. आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे.

जुन्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत उजव्या दाराखालून पुढच्या ऑइल कूलरकडे जाणारे पाइप असू शकतात, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत राहिलेल्या गाडीचा दाराखालचा पत्रा आतून गंजलेला असू शकतो. अशी गाडी आधी आम्हाला दाखवा.

आता खरी अडचण. एका कोपऱ्याला जागा एकच, आणि जॅकलाही तीच हवी, स्टँडलाही तीच. एका बाजूची मागची जागा उचलली की बहुतेक वेळा त्या बाजूचे पुढचे चाकही वर येते, कारण गाडीचा सांगाडा ताठ आहे आणि वजनाचा मध्य त्या जागेच्या जवळ आहे. मग पुढच्या जागेखाली साधा स्टँड सरकवता येतो. पण मागे जॅक अडकलेलाच राहतो. यावर आम्हाला पटलेला उपाय म्हणजे आडव्या दांड्याचा स्टँड. दांडा जॅकच्या डोक्यावर ठेवायचा, त्यावर रबरी गुटका, गाडी उचलायची, मग दांड्याच्या दोन्ही टोकांना पाय बसवून पिना घालायच्या आणि जॅक मधून काढून घ्यायचा. किंमत साध्या जोडीपेक्षा बरीच जास्त आहे. विकत घेणे जड वाटत असेल तर भाड्याने न्या, पण लाकडाचे ओंडके रचून तेच काम करायला जाऊ नका.

एका कोपऱ्यातून पूर्ण उंची एकदम घेऊ नका. एक बाजू थोडी, दुसरी बाजू थोडी, असे चढत जा. चारही स्टँडवर भार आला की गाडीला बंपरपाशी दोन्ही हातांनी जोरात हलवा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. त्यानंतरही काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवा.

चार स्टँडवर गाडी उभी असताना तोल कुठे असतो तेही माहीत असावे. ९९१ आणि ९९२ मॉडेलच्या (९९६, ९९७, ९९१, ९९२ हे ९११ च्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांचे क्रमांक) दोन एक्सलमध्ये २,४५० मिलिमीटर अंतर आहे. ६१ टक्के भार मागे धरला तर वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्या सुमारे ९५५ मिलिमीटर पुढे येतो. मागचे स्टँड त्याच एक्सलच्या हातभर पुढे असतात. म्हणजे मध्यापासून मागचे स्टँड पुढच्यांपेक्षा बरेच जवळ. गाडी त्यावर नीट उभी राहते, पण मागच्या बाजूला राखीव तोल कमी आहे. मागच्या बंपरवर बसू नका, इंजिनकडच्या बोल्टला लांब पाइप लावून खाली जोर देऊ नका.

चाके

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या, पूर्ण काढू नका. सिरॅमिक ब्रेक असतील तर चाक काढता-बसवताना गाडीसोबत मिळणाऱ्या मार्गदर्शक पिना वापरा. चाकाचा नुसता धक्का लागला तरी ती डिस्क टवकते आणि नवी फार महाग पडते. ९११ च्या जीटी३ या प्रकाराच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असेल तर तो घरी उघडू नका, त्याला लागणारा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, घरगुती पान्याच्या आवाक्यातला नाही.

उतरवताना गाडीखालून हत्यारे, ऑइलची ट्रे, मांजर, सगळे बाहेर काढा. मुलांना दूर उभे करा. जॅकचा वॉल्व्ह अगदी हळू सोडा. बोल्टची शेवटची आवळणी चाके जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क रेंचने, आडव्या-तिडव्या क्रमाने. ९९६ आणि ९९७ ला १३० न्यूटन मीटर, ९९१ ला १६०. उतरल्यावर गाडी थोडी उंच दिसेल. चार-पाच मीटर पुढे-मागे केली की बसते. सुमारे ५० किलोमीटर चालवल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

भाड्याचा स्टँड परत आणताना एखादी पिन वाकली असेल किंवा दाते झिजलेले दिसले असतील तर काउंटरवर नक्की सांगा. त्याचे पैसे आम्ही लावत नाही. तो स्टँड बाजूला काढतो आणि दुसऱ्या कुणाला देत नाही.