यूरोपीय निदान-चाचणी विनियम : उत्पादकांची पूर्वतयारी

रक्त, लघवी, ऊती इ. नमुने शरीराबाहेर तपासणारे संच व यंत्रे यूरोपीय संघात विकण्यासाठी २०१७/७४६ या विनियमानुसार (रूढ संक्षेप : आयव्हीडीआर) करावी लागणारी सिद्धता. विनियम एप्रिल २०१७ मध्ये संमत झाला व २६ मे २०२२ पासून लागू झाला. तत्पूर्वी १९९८ चा ९८/७९ हा निर्देश अंमलात होता.

नवा विनियम जुन्या निर्देशाहून कठोर आहे. या कठोरपणाचे मूळ कशात, याविषयी दोन मते दिसतात. पॉली इम्प्लांट प्रोथेस या फ्रेंच कंपनीच्या स्तनरोपणांत औद्योगिक सिलिकोन आढळल्याचे २०१० मध्ये उघड झाले. त्या गदारोळाला विनियमाचे श्रेय देण्याची प्रथा आहे. मात्र ती रोपणे निदानसाधने नव्हती, आणि वैद्यकीय उपकरणांच्या निर्देशांच्या फेररचनेवर यूरोपीय आयोगाने २००८ मध्येच लोकमत मागवले होते. प्रकरणाने विनियमाच्या सप्टेंबर २०१२ च्या प्रस्तावाला धार दिली, मूळ दोष जुन्या रचनेतच होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या निर्देशात एचआयव्ही, कावीळ बी व सी, रक्तगट अशा मोजक्या चाचण्यांची यादी होती. यादीतील व घरी वापरायच्या चाचण्या सोडल्यास बहुतेक उत्पादने उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर बाजारात येत. नवा धोका उद्भवला की यादीच दुरुस्त करावी लागे; व्हेरियंट क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाच्या (दूषित गोमांसाशी जोडलेला प्राणघातक मेंदूविकार) चाचण्या तिच्यात डिसेंबर २०११ मध्ये आल्या. यादीऐवजी नियमांनी वर्ग ठरवण्याची कल्पना मात्र यूरोपची स्वतःची म्हणता येत नाही; जागतिक सुसूत्रीकरण कृती दलाने (वैद्यकीय उपकरणांच्या नियामकांचा व उद्योगाचा आंतरराष्ट्रीय गट) सु. २००८ मध्ये अशी चार वर्गांची मांडणी केली होती.

तयारीची सुरुवात वर्गनिश्चितीपासून होते. सात नियमांनी अ (सर्वांत कमी धोका) ते ड (सर्वाधिक धोका), म्हणजे ए ते डी, यांपैकी वर्ग ठरतो. रक्तातील साखर घरी मोजण्याचा संच क वर्गात जातो, पण घरगुती गर्भचाचणी ब मध्येच राहते. निर्जंतुक नसलेली अ वर्गाची साधने वगळता सर्वांना अधिसूचित संस्थेची (सदस्य देशाने या कामासाठी नेमलेली स्वतंत्र तपासणी संस्था) तपासणी लागते, पूर्वी सु. एकदशांश उत्पादनांनाच ती लागे.

खरी अडचण पुराव्याची असते. चाचणी जे मोजते त्याचा रोगाशी संबंध, प्रयोगशाळेतील अचूकता आणि रुग्णांवरील उपयुक्तता ही तिन्ही अंगे स्वतंत्रपणे दाखवावी लागतात. वीस वर्षे खपलेल्या संचाचीही यातून सुटका नाही. जुनी टिपणे बहुधा विखुरलेली असल्याने ती जुळवण्यातच वेळ जातो. याखेरीज गुणवत्ता व्यवस्था, नियमपालनासाठी पात्र जबाबदार व्यक्ती, प्रत्येक साधनाचा अनन्य ओळखक्रमांक आणि विक्रीनंतरची देखरेख आवश्यक. संघाबाहेरील उत्पादकाला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. भारताच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांतही ए ते डी हीच अक्षरे असली, तरी भारतातला वर्ग यूरोपात लागू होत नाही.

अधिसूचित संस्था अपुऱ्या पडल्याने विनियमाच्या पूर्ततेच्या मुदती दोनदा लांबल्या. २०२४ च्या दुरुस्तीनुसार ड वर्गाला २०२७ अखेर, क ला २०२८ अखेर, तर ब व निर्जंतुक अ ला २०२९ अखेरपर्यंत सवलत आहे. ती फक्त जुन्या निर्देशानुसार आलेल्या उत्पादनांना, मोठा बदल न केल्यास मिळते. शिवाय नवी गुणवत्ता व्यवस्था २६ मे २०२५ पर्यंत उभी असणे आणि अधिसूचित संस्थेकडे वर्गानुसार ठरलेल्या तारखेपर्यंत अर्ज करणे बंधनकारक आहे. ड वर्गाच्या काही चाचण्यांसाठी यूरोपीय संघाच्या संदर्भ प्रयोगशाळांचे (चाचण्यांची स्वतंत्र पडताळणी करणाऱ्या) काम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले.