पेढीचा हिशेब क्लाउडवर कसा गेला

जळगावच्या दाणा बाजारातली पेढी असो, सावद्याचा केळी व्यापारी असो की धुळ्याकडची जिनिंग. हिशेब मालकाच्या नजरेआड जाऊ द्यायचा नाही, ही इथली जुनी रीत. लाल कापडात बांधलेल्या कीर्द-खतावण्या गादीशेजारीच असत. दिवाळीला नव्या वह्यांची पूजा झाली की जुन्या माळ्यावर जात.

संगणक आला तरी रीत मोडली नाही. मुनिमाच्या जागी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणारा ऑपरेटर बसला, पण सगळा डेटा त्या एकाच यंत्रात. संध्याकाळी पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा, तो खिशात घालून मालकानं घरी न्यायचा. भारनियमनाच्या दिवसांत हार्ड डिस्क बसली, तर तेवढाच आधार.

तिकडे ॲमेझॉननं मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्या सर्व्हरवर डेटा ठेवायची सोय, सुरू केली होती: जेवढी जागा वापराल तेवढंच भाडं. एप्रिल २०१२ मध्ये तशीच फाइल ठेवायची सोय देणारं गुगल ड्राइव्ह आलं. इथल्या बाजारानं त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि त्यात चूक नव्हती. तेव्हाच्या इंटरनेटच्या लाइनवर मोठा फोल्डर चढेपर्यंत दुकान वाढवायची वेळ होई.

चित्र पालटलं २०१६-१७ मध्ये. जून २०१६ मध्ये ॲमेझॉननं मुंबईत क्लाउड केंद्र उघडलं, सप्टेंबरात जिओ आलं, १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. माझ्या मते खरा धक्का जीएसटीचाच. दर महिन्याला विक्रीचा तपशील सीएकडे पोचवायचा, वर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने कागद सांभाळायचे. पेन ड्राइव्ह घेऊन पोरगं पाठवण्यापेक्षा फाइल गुगल ड्राइव्हवर टाकणं सोपं पडलं. तंत्रज्ञानाची हौस कुणालाच नव्हती. रिटर्नची तारीख होती.

पण घाईघाईत खातं उघडलं कुणाच्या नावानं? पुष्कळदा ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर, १५ जीबी फुकट मिळते म्हणून. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. ज्या मालकानं तिजोरीची किल्ली कधी कमरेची सोडली नाही, त्याला हे खटकत कसं नाही, याचं नवल वाटतं.

कंपनी कायद्याच्या नियमांनी हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक केलं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं तो रोज घ्यावा लागतो. खान्देशातल्या बऱ्याच पेढ्या मात्र भागीदारीतल्या किंवा एकाच्याच मालकीच्या. त्यांना हा नियम लागूच होत नाही, त्यामुळे खातं कुणाचं, हे विचारणारंही कुणी नसतं.