ग्रिफन तुमच्या टर्नला उडतो, गरुड त्याच्या स्वतःच्या

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गच्चीवर आमचा रविवारचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर चालणाऱ्या कल्पित मोहिमांचा खेळ चालतो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. प्रत्येक नव्या मोहिमेत कुणीतरी विझार्ड नाहीतर सॉर्सरर, म्हणजे जादूगाराचं पात्र घेतो, घोड्याऐवजी जगावेगळं जनावर मागतो आणि पहिल्याच लढाईत सांगतो, "ते माझ्या टर्नला हलणार, मी सांगेन तिथे जाणार आणि शत्रूला चावणारही." हे सगळं एकदम मिळत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत पाठीवर बसायच्या जनावराच्या दोन तऱ्हा आहेत, कंट्रोल्ड आणि इंडिपेंडंट. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलून तिसरी तऱ्हा बनवायची, हा घोळ बघून मी खरंच कंटाळलोय.

घोड्याचं तुम्हाला पाठ असेल. जनावर आपल्यापेक्षा एक साइज तरी मोठं हवं, चढायला आणि उतरायला निम्मी चाल जाते. छोट्या चणीचा हाफलिंग मॅस्टिफ कुत्र्यावर बसू शकतो तो याच हिशेबाने. इथे कुणी अडत नाही, पुढे जाऊ.

अडतात ते इथे. ग्रिफन (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड) आणि जायंट ईगल, म्हणजे राक्षसी गरुड, शेजारी उभे करा. दोघेही लार्ज, दोघांचीही उडायची चाल ८० फूट. फरक इंटेलिजन्सचा. ग्रिफनचा २, गरुडाचा ८. या गरुडाला कॉमन भाषा समजते, बोलता येत नाही एवढंच. नियम म्हणतो की पाठीवर माणूस घ्यायला शिकवलेल्या जनावरालाच कंट्रोल करता येतं, आणि हुशार प्राणी आपल्या मर्जीने वागतात. शिकवलेला ग्रिफन कंट्रोल्ड झाला की त्याचा इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला टर्नचा क्रम, तुमच्याबरोबर येतो, तुम्ही सांगाल तिकडे तो जातो, पण अ‍ॅक्शन तीनच: डॅश (जास्तीची धाव), डिसएंगेज (वार न खाता सटकणं), डॉज (वार चुकवणं). गरुड आपला इनिशिएटिव्ह राखतो, हवं ते करतो, चावतो, नको वाटलं तर तुम्हाला घेऊन पळूनही जातो.

तलवारवाल्याला हा फरक एकवेळ चालून जातो. स्पेल टाकणाऱ्याचं सगळं गणित यावर उभं असतं. समजा, छत जेमतेम दहा फुटांचं अशी गुहा आहे, समोर ५५ फुटांवर तीन घूल, म्हणजे मढी खाणारे राक्षस. तुमच्याकडे बर्निंग हँड्स, म्हणजे १५ फुटांचा आगीचा झोत. ग्रिफनवर असाल तर तुमच्याच टर्नमध्ये तो ४० फूट पुढे जातो, तुम्ही झोत टाकता, तो डिसएंगेज करून ४० फूट मागे येतो. घूलची चाल ३० फूट. त्यांच्या टर्नला ते तुमच्यापासून २५ फुटांवर येऊन थांबतात आणि पंजा हवेतच राहतो.

आता तीच गुहा, खाली गरुड. तो त्याच्या टर्नला तुम्हाला १५ फुटांवर नेतो आणि थांबतो. तुमचा टर्न आला की तुम्ही झोत टाकता. परत न्यायला गरुडाचा पुढचा टर्न यावा लागतो. क्रम कसाही लागो, मध्ये कुठेतरी घूलचा टर्न येतोच. घूलच्या पंजाने माणूस लुळा पडू शकतो, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

यावर "मी रेडी करतो", म्हणजे स्पेल तयार ठेवतो आणि गरुड जवळ गेला की सोडतो, हे उत्तर येतं. चालतं, पण किंमत मोजून. स्पेल रेडी ठेवणं म्हणजे त्यावर कॉन्सन्ट्रेशन, आणि लक्ष एका वेळी एकाच स्पेलवर धरता येतं. आधी हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) लावून ठेवलं असेल तर ते गेलं. सोडताना रिअ‍ॅक्शन जाते, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची एकुलती कृती संपली, बचावाचा शील्ड स्पेल नाही. आणि गरुडाने ऐन वेळी बेत बदलला तर स्लॉट, म्हणजे मोजून मिळणारी स्पेलची खेप, वाया. माझं मत पक्कं आहे: स्पेलवाल्याने कंट्रोल्ड जनावरच घ्यावं.

दुसरा घोळ "शिकवलेलं" या शब्दाचा. "मी त्याला पिल्लापासून वाढवलंय, ते माझं ऐकतं," असं खेळाडू सांगतात. ऐकणं वेगळं, पाठ देणं वेगळं. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात एकदा खिलार खोंड बघत होतो. मालकाने नुसतं तोंडाने च्च केलं की मान वळवायचा. शर्यतीच्या छकड्याला जुंपायची सवय लागलेला. मी त्याच्या पाठीवर सहज तळहात टेकवला, तर खांद्यापासून शेपटापर्यंत कातडी थरथरली आणि तो अंग चोरून बाजूला सरकला. जू मानेवर घेणारा बैल पाठीवर माणूस घेईलच असं नाही. म्हणून माझ्या टेबलावर राक्षसी बोकड असो नाहीतर सरडा, खोगीर घालून दोन मोहिमांमधले काही आठवडे खर्च केल्याशिवाय मी त्याला कंट्रोल्ड म्हणत नाही.

"मग ग्रिफन चावणारच नाही का?" चावेल की. शिकवलेल्या जनावराला मोकळं सोडायची मुभा तुम्हाला आहे, पण मग त्याचा टर्न वेगळा. आमचा ड्रुइड, म्हणजे जनावराचं रूप घेणारं पात्र, एल्क (मोठं हरीण) होऊन विझार्डला पाठीवर घेतो, तेव्हाही हाच न्याय. एल्कच्या आत खेळाडू बसलाय, त्याचा इनिशिएटिव्ह त्याचाच. २०२४ च्या नियमांनी फाइंड स्टीड या जनावर बोलवायच्या स्पेलपुरता वाद मिटवला: ते जनावर तुम्ही बसलेले असताना कंट्रोल्ड धरायचं, असं स्पेलमध्येच लिहिलंय.

जनावरावरून पडण्याचंही थोडक्यात. नुसतं खाली पडल्याने कॉन्सन्ट्रेशन तुटत नाही, मार लागला की सेव्ह, म्हणजे ते टिकवायचा फासा, द्यावा लागतो. ६० फुटांवरून पडलात तर ६ डी ६, म्हणजे सहा बाजूंच्या सहा फाशांची बेरीज एवढा मार, सरासरी २१. सेव्हला गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, १० नाहीतर माराच्या निम्मा, जो मोठा तो.

येत्या रविवारी आमच्या सॉर्सररला गरुडच हवाय. हरकत नाही. इनिशिएटिव्हच्या कागदावर त्याच्या नावाखाली गरुडाची ओळ मी आत्ताच आखून ठेवलीय, फासा तेवढा त्याने टाकायचा.